कडू भोपळ्याचा षड्ज

मौजे कन्हेरी, तालुका बारामती, या पत्त्यावरील आमच्या घराच्या पडवीत, आढ्याला बांधलेल्या सुतळीच्या शिंक्यात दोन वर्षे एक भोपळा टांगलेला होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक मनुष्य चहाचा पेला हाती घेण्यापूर्वी त्याच्याकडे एकवार मान वर करून पाहत असे व तो तेथे कशासाठी आहे हे विचारल्यावाचून राहत नसे. प्राथमिक शाळेत मास्तरकी करून मुलांच्या पाट्यांवर भोपळे देण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या डोक्यावर उतारवयात खराखुरा भोपळा लोंबावा यात गावातील काही जुन्या विद्यार्थ्यांना दैवी न्यायाचा भास होत असावा. निदान त्यांच्या चेहऱ्यावरून तरी तसे दिसे. मला त्या भोपळ्याचा तंबोरा करावयाचा होता. विकत आणावयाचा नव्हता, कोणाकडून करवून घ्यावयाचा नव्हता. घरी, पडवीत बसून, स्वतःच्या हाताने करावयाचा होता.

कन्हेरी हे नाव वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक असते ते येथील मारुतीमुळे, कारण निवडणुकीच्या प्रचाराचा पहिला नारळ या मारुतीपुढे फोडण्याची वहिवाट या भागात बरीच वर्षे चालत आली आहे. गावाचे लक्ष मात्र दर वर्षी वेगळ्याच गोष्टीकडे लागलेले असते. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या वाटेस लागली, म्हणजे शेजारच्या काटेवाडीत परीट मंडळी तिच्या पुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती रिंगणात धाववतात, आणि आमच्या गावातील ज्याला चालवते तो प्रत्येक जण त्या दिवशी काटेवाडीत असतो. त्या गर्दीत एका वर्षी, रस्त्यापासून जरा आत एका बाभळीखाली, कोणा एका दिंडीचे विणेकरी विसाव्याला थांबले होते. विसावा वारकऱ्याला असतो, वीणेला नसतो. दिंडी चालू असेतो वीणा भुईला टेकवावयाची नाही असा दंडक असल्यामुळे, पाणी पिण्यापूर्वी त्यांनी ती गळ्यातून काढून दुसऱ्या एका वारकऱ्याच्या गळ्यात घातली, दोघेही एकमेकांच्या पाया पडले, आणि मग पहिल्याने तांब्या तोंडाला लावला. मी शेजारीच उभा होतो. वीणेच्या भोपळ्याला मागच्या बाजूने पडलेली वीतभर चीर, सरसात भिजवलेल्या कापडाची पट्टी लावून कोणीतरी घरच्या घरी सांधलेली होती. आणि तसल्या त्या ठिगळाच्या वाद्यातून, तारांवर नुसते बोट फिरत असता, जो अखंड, किंचित किणकिणणारा, कोठून सुरू झाला आणि कोठे संपेल याचा थांग लागू न देणारा नाद येत होता, तो ऐकत मी पालखी पुढे निघून गेली तरी उभाच राहिलो.

वारकऱ्यांची वीणा ही शास्त्रार्थाने वीणा नव्हे. ती चार तारांची लहान तंबोरीच होय. आणि तंबोरा म्हणजे काय, तर एक भोपळा, एक पोकळ दांडी, चार तारा आणि एक घोडी. इतके साधे वाद्य आपल्याला करता येऊ नये काय, असा अहंकार माझ्या मनात त्या बाभळीखाली उत्पन्न झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढची सगळी हकीकत ही त्या अहंकाराची झीज आहे.

आमच्या तालुक्याचे पाणी कऱ्हा-नीरेतून वाहते. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नरसिंहपूरला भीमेस मिळते, आणि भीमा पुढे पंढरपुरास पोहोचल्यावर चंद्रभागा म्हणवून घेते. त्या खालच्या अंगाला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, काही शेतकरी कडू भोपळा पिकवतात: खाण्यासाठी नव्हे, वाळवून विकण्यासाठी. हे वाळलेले भोपळे मिरजेस जातात, मिरजेत त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात, आणि त्या देशात व देशाबाहेर जेथे जेथे हिंदुस्थानी गाणे आहे तेथे तेथे पोहोचतात. म्हणजे आमच्या बांधावरून वाहून जाणारे पाणी भीमेकाठच्या वेलांना मिळून नाद होते आणि आषाढात वारकऱ्याच्या गळ्यात बसून आमच्याच दारावरून परत जाते, असे म्हटले तर त्यात कवित्व थोडे आणि भूगोल अधिक आहे. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी सुटल्यापासून या मुलखाने ऊस पाहिला, गूळ पाहिला, पुढे भवानीनगर-माळेगावचे साखर कारखाने पाहिले, आणि पिकाचे मोल वजनाने करावयाचे ही सवय आमच्या हाडीमाशी खिळली. जे पीक वाळून हलके झाले म्हणजेच किमतीला चढते, ते आमच्या हिशेबात बसत नाही. तंबोऱ्याची गणना आपण कलावस्तूंत करतो, संग्रहालयात करतो, गवयाच्या बैठकीत करतो. पण तो मुळात शेतमाल आहे, हे माझे म्हणणे आहे. व्हायोलिन लाकडाच्या वखारीत जन्मते. तंबोरा पेरावा लागतो.

नावाविषयी विद्वानांत वाद आहे. पुराणप्रिय मंडळी तुंबरू नावाच्या गंधर्वाकडे बोट दाखवतात, फारशी जाणणारे तंबूर या शब्दाकडे, आणि तुंबा म्हणजे भोपळा हे तर सर्वांनाच ठाऊक. मला यापैकी कोणाशीही भांडण नाही. बैराग्याचा कमंडलू याच फळाचा, पूर आलेल्या नदीतून माणसे पार करणारी सांगड याच फळांची. पाणी आत साठवण्यास आणि पाण्यावर तरण्यास जे एकच फळ उपयोगी पडले, त्याच्या पोकळीत स्वर साठवण्याची कल्पना माणसाला सुचली, तर ती सुचली कोणत्या भाषेत याची चौकशी दुय्यम होय.

बी मला पंढरपूरकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून मिळाले. मृग लागताना विहिरीच्या वरच्या बांधाशी सात आळी केली. दुधी भोपळ्याचाच हा भाऊ, परंतु स्वभावाने कडू आणि वाढीने अवाढव्य. वेल मांडवावर चढवला तर फळाच्या भाराने मांडव बसतो, म्हणून तो जमिनीवरच पसरू द्यावा लागतो. फळ धरल्यावर खरी चाकरी सुरू होते. ते एका कुशीवर पडून राहिले तर त्या बाजूस चपटे होते, ओल्या मातीला टेकले तर कुजते, आणि उन्हाने एका अंगास भाजले तर साल तेथे पातळ राहते. मी उसाच्या पाचटाच्या चुंबळी वळून प्रत्येक फळाखाली ठेवल्या आणि देठाला पीळ न बसेल अशा बेताने दर चार दिवसांनी फळ हातभर हलवून सरळ बसवीत गेलो. पहिल्या वर्षी सातांपैकी पाच वेल लागले, अकरा फळे धरली, त्यांतील चार कुजली, तीन किडीने पोखरली, दोन इतकी लहान राहिली की त्यांची एकतारीच व्हावी. उरलेल्या दोहोंपैकी एकाला देठाजवळ चीर गेली. एक राहिला. वेल आपोआप वाळून, देठाचे लाकूड होऊन, फळ टिचकीला ठणठण बोलू लागेपर्यंत ते तोडावयाचे नाही असे सांगणे होते. ती वेळ माघात आली. शिंप्याच्या टेपाने मोजला तेव्हा त्याचा घेर सेहेचाळीस इंच भरला. घरातून प्रतिक्रिया अशी आली की, भाजीला दारात एक भोपळा नाही आणि हा मात्र देव्हाऱ्यासारखा टांगून ठेवलाय.

भोपळा वाळत असता हात रिकामे राहू नयेत म्हणून मी एक तुणतुणे केले. या वाद्याची आपल्याकडे उगाच थट्टा होते. एक लाकडी नळकांडे, त्याचे बूड बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले, कातड्याच्या मध्यातून वर आलेली एकच तार, आणि नळकांड्याच्या अंगाला ठोकलेल्या काठीच्या डोक्यावर एक खुंटी: एवढ्यावर जेजुरीचा वाघ्या रात्र जागवतो, गोंधळी आख्यान उभे करतो आणि शाहिराचा झीलकरी डफाला साथ देतो. माझे तुणतुणे दोन दिवसांत झाले आणि बऱ्यापैकी वाजलेही. त्यामुळे माझा गैरसमज दृढ झाला.

मग मी मिरजेस गेलो.

मिरजेच्या या धंद्याचा आरंभ गाण्यात नाही, हत्यारांत आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे कारागीर. पटवर्धनांच्या संस्थानात त्यांना काम होते, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, कंपनी सरकारचा अंमल बसून लढाया संपल्या आणि तलवारी भिंतीवर गेल्या, तेव्हा या बोटांना करावयास काही उरले नाही. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन हे याच घराण्यातले. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन गाण्याचे शोकी; त्यांच्याकडे उत्तरेचे गवई येत, त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, आणि मोडलेले वाद्य दुरुस्तीस उत्तरेत पाठवावयाचे म्हणजे महिनोन्महिने बैठक बंद. ते काम या बंधूंकडे आले, दुरुस्तीतून वाद्याची रचना त्यांना उलगडली, आणि उलगडलेले पुन्हा जुळवता जुळवता ते नवे घडवू लागले. पोलादाचे पाणी नखाने ओळखणारी बोटे तारेचा ताण ओळखू लागली असतील, यात मला नवल वाटत नाही. त्यांच्या वंशजांनी व्यवसायावरून सतारमेकर हे आडनाव धारण केले. गल्लीलाही सतारमेकर गल्ली हेच नाव आहे. दुकानाच्या पाट्यांवर उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपी दिसतात, आणि आतून कानशीचा आवाज येतो.

मिरजेचे भाग्य असे की नुसते करणारेच नव्हे, तर पारखणारेही तेथे राहिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे कैराण्याहून निघून, बडोदे, मुंबई, पुणे असे करीत, शेवटी मिरजेचे झाले. १९३७ साली वारले तेव्हा त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच ठेवले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे आजही गाणे होते. खाँसाहेबांना वाद्यांच्या दुरुस्तीचा नाद होता. तंबोरा स्वतः उघडून, जवारी स्वतः काढून घेणारा हा गवई होता. मिरजेशेजारीच, सांगलीस, कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचा हिशेब लावीत होते, आणि १९१० साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक छापले. त्या प्रयोगांना गळा पुरवला तो खाँसाहेबांनी. जमाबंदीच्या दप्तरात जन्म काढलेल्या अंमलदाराने निवृत्त झाल्यावर स्वरांची मोजणी काढावी आणि एका गवयाने तिच्यावर कंठाची सही करावी, ही गोष्ट मला आजही फार आवडते.

गल्लीत मी तीन दिवस बसलो. भोपळ्याची पुढील बाजू कापतात, त्याला पाण्यात भिजत घालतात, आतला गर आणि जाळी खरवडून काढतात, आणि तोंड आवळू नये म्हणून आत काटक्यांचे आडवे टेके देऊन पुन्हा वाळवतात. तोंडावर बसते ती तबली, किंचित फुगीर, तुणीच्या लाकडाची. बाजारात या लाकडाला तून म्हणतात. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा लाकडी भाग म्हणजे गळा. दांडी आतून पोकळ आणि पाठीमागे गोल. सांध्यावर लाकडाची कोरीव पाने बसवतात. ती नक्षी वाटते, परंतु सांध्याचा ताण झेलण्याचे काम तीच करते. पूर्वी नक्षीला आणि घोडीला हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी ते थांबले, आणि ते योग्यच झाले. आता नक्षी सेल्युलॉइडची आणि घोडी हाडाची किंवा एखाद्या कृत्रिम पदार्थाची असते. शेवटी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात द्यावयाचा. तो दहा वेळा, वीस वेळा, म्हातारा कारागीर थांब म्हणेपर्यंत.

हे सर्व टिपून घेऊन मी कन्हेरीस परतलो आणि विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात त्याचा अर्थ पहिल्यांदा अनुभवाने शिकलो. वाळलेल्या भोपळ्याला विळा लागत नाही. बारीक दातांची करवत लागते, आणि तिच्याही खाली तो घसरतो. पेन्सिलीने आखलेल्या रेषेवरून करवत चालवीत असता आतून वाळलेले बी खुळखुळत होते आणि कापलेल्या फटीतून एक तिखट, जुनाट, धान्याच्या कणगीसारखा वास येत होता. बाहेर पडलेले बी मी एका परातीत काढून ठेवले. दोन दिवस भोपळा हौदात, वर पाटा ठेवून, बुडवला. तो पाट्यासकट वर येत असे. मग मोठ्या पळीने आणि नारळाच्या करवंटीने आतून खरवडला, मोरचुदाचे पाणी फिरवले, आणि निरगुडीच्या काटक्यांचे टेके देऊन सावलीत ठेवला.

तुणीची फळी मी एका वखारीतून आणली. वखारवाल्याने ती चार वर्षे वाळलेली आहे असे शपथेवर सांगितले. त्याची शपथ श्रावणापर्यंत टिकली. गळा, दांडी आणि तबली अशी तिन्ही अंगे सरसाने जोडून, दोऱ्यांनी आवळून, मी मोठ्या समाधानाने माळ्यावर ठेवली होती. पंधरा दिवसांच्या झडीनंतर खाली काढली तेव्हा तबली एका कडेने उचलून वाटीसारखी झाली होती आणि सांध्यात बोट जाईल एवढी फट पडली होती. ओले लाकूड वाळताना खोटे बोलत नाही, एवढेच त्या व्यवहारातून निष्पन्न झाले. उरलेली फळी चुलीवरच्या माळ्याला बांधून ठेवली आणि एक संपूर्ण वर्ष काहीही केले नाही. वाद्य घडवण्याच्या कामात हे काही न करण्याचे काम सर्वांत लांब आणि सर्वांत कठीण असते.

दुसऱ्या वर्षी गावच्या सुतारांना मदतीला बोलावले. त्यांनी फळीला रंधा असा मारला की ढलपी कागदासारखी लांबच्या लांब उडावी. तबलीची जाडी अंगठ्याने दाबून, टकटक करून, आणखी उतरवली. दांडीची पोकळी वाकसाने साफ केली. खुंट्या मात्र माझ्या मलाच कराव्या लागल्या, कारण खुंटीचे निमुळतेपण भोकाच्या निमुळतेपणाशी तंतोतंत जुळले नाही तर ती सरकते. मी चाळीस खुंट्या केल्या, त्यांतून चार निघाल्या. तारा चढवण्याच्या दिवशी सुतारमामा जोत्यावर बसून राहिले. मी घोडी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला. “गुरुजी, बैलगाडीचं जोखड सांगा, आत्ता घडवून देतो. पर ह्याला कान लागतो, आन् माझा कान रंध्याच्या आवाजात गेला.”

कान लागतो ती जागा म्हणजे घोडीचा माथा. इतर बहुतेक तंतुवाद्यांची घोडी धारेसारखी अरुंद असते, तार तिच्यावर एका बिंदूत टेकते आणि प्रकरण तेथे संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद, आणि तिचा माथा डोळ्याला सपाट दिसला तरी सपाट नसतो; तो पुढच्या बाजूस अत्यंत मंद उताराने वाकत गेलेला असतो. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर ती क्षणाक्षणाला टेकते आणि उचलते, तिची टेकण्याची जागा मागेपुढे सरकत राहते, आणि त्या स्पर्शातून वरचे बारीक स्वर एकामागून एक जागे होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक धागा सरकवतात. त्या धाग्याची जागा केसभर मागे-पुढे झाली की आवाज मिटतो किंवा उमलतो. यालाच जवारी म्हणतात. ती खुली असते, बंद असते, गोल असते. गवय्याच्या कंठाप्रमाणे ती लावून घ्यावयाची. चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल मिळाले १९३० साली, प्रकाशाच्या संशोधनासाठी; परंतु त्यापूर्वी, १९२१ साली, कलकत्त्यात त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर जो उपस्वर निश्चल असेल तो उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ या पाश्चात्त्य पंडितांच्या नावे नियम आहे. आमची ही वाद्ये तो नियम खुशाल मोडतात आणि मधोमध छेडलेल्या तारेतूनही तो उपस्वर पूर्ण जोमाने निघतो, हे रामन यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या रुंद माथ्यात सांगितले. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज एवढेच लावलेल्या तंबोऱ्यातून कोणीही न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तो याच माथ्याच्या कृपेने.

हे सगळे मला वाचून ठाऊक होते. कानस घेऊन मी अठरा दिवस त्या माथ्यावर घालवले. पोलादी जोड ताणली, पितळेचा खर्ज लावला, मणी सरकवले, धागा घातला. तार पत्र्यासारखी खडखडली. कानस मारली, तार मुकी झाली. पुन्हा मारली, एक तार बोलू लागली आणि तिच्या शेजारची रुसली. एकोणिसाव्या दिवशी घोडीच्या माथ्यावर स्पष्ट खाच पडली. तंबोरा दिसत होता तंबोऱ्यासारखाच, पाहुणे त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढीत होते, पण त्याच्यात आणि पडवीतल्या कणगीत आवाजाच्या दृष्टीने काही अंतर होते असे मला म्हणवत नाही.

गोधडीत गुंडाळून, दोन एसट्या बदलून, तो मिरजेस नेला. जेथे मी पूर्वी बसलो होतो त्याच दुकानातील वयस्क कारागिरांनी तो हाती घेतला, माझी घोडी एका झटक्यात उपटून बाजूस ठेवली, दुसरी चढवली, आणि मग मान खाली घालून, डोळे माझ्याकडे किंवा घोडीकडेही नव्हे तर भलतीकडेच रस्त्यावर लावून, काम सुरू केले. कानशीचे दोन हात, फुंकर, तार, धागा, पुन्हा तार, पात्याने एक खरवड, फुंकर, धागा. बोलणे नाही. अर्ध्या-पाऊण तासाने खर्जाची तार छेडली तेव्हा तिचा आवाज छेडल्यानंतर वाढत गेला. छेडल्यावर आवाज कमी होत जावयास हवा. हा फुलत गेला, दुकानाच्या फळ्यांपर्यंत पोहोचला, आणि त्याच्या पोटातून, काटेवाडीच्या बाभळीखाली ऐकला होता तसा, तो अनाहूत गंधार वर आला. त्यांनी मजुरी सांगितली, मी दिली. मग त्यांनी तबली टिचकीने वाजवून ती जड आहे असे सांगितले, दांडीचा एक सांधा दाखवून तो दोन पावसाळे काढील, तिसऱ्याचे सांगता येत नाही असे सांगितले, आणि शेवटी वाद्य उलटे करून भोपळ्यावर तळहात फिरवला.

“भोपळा मात्र फार चांगला आहे. साल सगळीकडे सारखी. कुठला?”

कन्हेरीचा, म्हटले. बारामतीजवळची. त्यांनी गावाचे नाव पूर्वी ऐकलेले नव्हते. “असले आणखी असतील तर घेऊन या, मास्तर,” एवढे म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

म्हणजे ज्या तीन वर्षांत मी करवत, कानस, सरस, पॉलिश यांवर हाताची कातडी घालवली, त्या सर्वांत शिफारसपात्र ठरले ते एकच काम, जे मी कारागिरी म्हणून केलेच नव्हते: पाचटाची चुंबळ वळून दर चार दिवसांनी फळ हलवणे. याचे मला प्रथम वाईट वाटले. एसटी सुटेपर्यंत वाटत होते. नंतर वाटले नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान रास्त आहे आणि उशिराचा आहे. परंतु त्याच गल्लीत बसून मी हेही पाहिले की पुष्कळ गायक आता खिशातल्या फोनमधूनच तंबोरा वाजवतात, त्यापूर्वी पेटीसारख्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने निम्मे गिऱ्हाईक नेलेच होते, आणि कारागिरांच्या मुलांत कानशीकडे वळणारी मुले थोडी आहेत. यंत्रातला तंबोरा सुरात असतो, कधी उतरत नाही, आणि म्हणूनच त्याच्याजवळ बसून कोणाला लावण्याचे शिक्षण मिळत नाही. हे माझे मत संगीतज्ञांनी खोडून काढावे, मी ऐकून घेईन. कारागिराची काळजी करणारे निदान बोलतात तरी. भोपळा पिकवणाऱ्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. तो उसाच्या शेजारी अर्धा एकर अडवून, कुजण्याचा, किडीचा, चिरीचा धोका पत्करून हे पीक काढतो. ते ज्या वर्षी परवडणार नाही त्या वर्षी तो तेथे ऊस लावील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हा बारामतीकरांना तरी अजिबात नाही.

तंबोरा सध्या आमच्या पडवीत असतो. संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असले की तो तिकडे जातो. मृदंगवाल्यांना तो फार हळू वाटतो, टाळकऱ्यांना तो ऐकूच येत नाही, पण टाळ थांबल्यावर एक क्षण तो एकटा राहतो, आणि तेवढ्यासाठी मंडळी आता टाळ जरा लवकर थांबवतात.

परातीत काढलेले बी मी मोजले होते. दोनशे अकरा भरले. त्यातून गेल्या मृगावर बांधाने पंधरा आळी घातली, आणि हे लिहीत असता नऊ फळे पाचटाच्या चुंबळींवर बसलेली आहेत. बी अजून पुष्कळ उरले आहे. ज्याला हवे असेल त्याने ज्येष्ठ संपण्यापूर्वी ओंजळभर घेऊन जावे. मोबदला नको, फक्त वेलाजवळ पाणी साचू देऊ नये आणि फळ कोवळे दिसले तरी ते भाजीसाठी तोडू नये. कडू भोपळ्याने विषबाधा होते.